मोटारीच्या ब्रेकचे पॅड घरी कसे बदलावेत



मोटार घेताना आपण पुष्कळ चौकशी करतो. लिटरमागे किती किलोमीटर जाते, माणसे किती बसतात, चढ कसा चढते, हे सारे विचारतो. पण ती थांबते कशी, आणि तिला थांबवणारा भाग किती दिवस टिकतो, हे विचारणारा विरळाच. वास्तविक गाडी चालू झाली नाही तर फार तर काम खोळंबते. ती थांबली नाही तर मात्र आतल्यांचा आणि रस्त्यावरच्या परक्या माणसांचाही जीव धोक्यात येतो.

म्हणून आज ब्रेकच्या पॅडविषयी बोलायचे आहे. ते झिजतात कसे, झिजले हे ओळखायचे कसे आणि घरच्या अंगणात ते बदलायचे कसे, हे क्रमाने पाहू. सगळ्यांनीच हे काम हाती घ्यावे, असा माझा आग्रह नाही. पण मोटार बाळगणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावे, एवढा आग्रह जरूर आहे.

झीज ही गोष्ट शेतकऱ्याला नवीन नाही. विहिरीवर मोट चालत होती, त्या काळी नाडा झिजत आला की शहाणा शेतकरी तो तुटेपर्यंत वाट पाहत नसे. नाडा स्वस्त आणि मोट महाग, हा हिशेब त्याला पक्का ठाऊक होता. ब्रेकच्या पॅडचेही तसेच आहे. हा भाग झिजण्यासाठीच केलेला असतो. तो झिजला म्हणजे गाडी बिघडली असे नव्हे. त्याने आपले काम केले, इतकेच. त्याला वेळेवर रजा देणे हे आपले काम.

आता ब्रेक चालतो कसा ते पाहू. बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांत डिस्क ब्रेक असतो. चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी तबकडी असते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. या चिमट्याच्या दोन जबड्यांत एकेक पॅड बसवलेला असतो. पॅड म्हणजे पोलादी पट्टी आणि तिच्यावर घट्ट चिकटवलेला घर्षणाचा थर. पेडल दाबले की दोन्ही पॅड तबकडीला आवळतात आणि चाक थांबते. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी अशा ब्रेकचे पेटंट १९०२ साली घेतले होते. १९५३ साली फ्रान्समधली ल मान्स येथील २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली आणि मग या ब्रेकचा बोलबाला झाला. आपल्याकडच्या जुन्या अॅम्बॅसेडरला ड्रमचे ब्रेक असत. आजही पुष्कळ लहान मोटारींच्या मागच्या चाकांत ड्रमच असतो.

पायाचा एवढासा जोर चाकापर्यंत पोचून इतका वाढतो कसा? शिक्षक मित्रांना हे वर्गात सहज दाखवता येईल. इंजेक्शनच्या दोन नव्या पिचकाऱ्या घ्याव्यात, एक ५ मिलिलिटरची आणि दुसरी २० मिलिलिटरची. सुया काढून टाकाव्यात, दोन्हींत पाणी भरावे आणि बारीक नळीने त्या जोडाव्यात. हवा अजिबात राहू देऊ नये. लहान पिचकारीचा दट्ट्या दाबला की मोठीचा दट्ट्या वर येतो. सरकतो थोडा, पण जोर मोठा लावतो. मुलांना त्याच्यावर पुस्तक ठेवून पाहू द्यावे. सतराव्या शतकात पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलेला नियम तो हाच. ब्रेकमध्ये पेडलाकडचा दट्ट्या लहान आणि कॅलिपरमधला मोठा, आणि दोहोंच्या मध्ये द्रव.

आता याच पिचकारीत मुद्दाम हवेचा बुडबुडा सोडावा. दाबले की आधी बुडबुडा चेपतो. पुस्तक जागचे हलत नाही. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल मऊ लागते ते याच कारणाने. वर्गातला हा खेळ ज्याने एकदा पाहिला, त्याला मऊ पेडलाची भीती वेगळी सांगावी लागणार नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. गाडी थांबली म्हणजे तिची गती कुठे गेली? ती उष्णता झाली. माणसांसह १००० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती थांबवताना सुमारे १ लाख ३९ हजार जूल उष्णता निघते. एवढ्या उष्णतेने अर्धा लिटर पाणी ३० अंशांवरून ९६ अंशांवर जाईल. म्हणजे एकदा ब्रेक दाबला की चहाचे आधण उकळीच्या जवळ आले म्हणा ना! वेग दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट. हा सारा ताप तबकडी आणि पॅड सोसतात. पॅड झिजतात ते उगाच नव्हे.

मग झीज ओळखायची कशी? पहिली खूण डोळ्यांनी पाहायची. नव्या पॅडवरचा थर साधारण १० मिलिमीटर, म्हणजे सुतार-लोहारांच्या भाषेत तीन सूत असतो. तो एक सूत, म्हणजे ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तो मानावा. थर मोजताना मागची पोलादी पट्टी त्यात धरायची नाही. आणि आतल्या बाजूचा पॅडही पाहायचा, कारण पुष्कळदा बाहेरचा चांगला दिसतो आणि आतला संपलेला असतो.

दुसरी खूण कानांनी ऐकायची. पुष्कळ पॅडना पत्र्याची एक जीभ असते. थर संपत आला की ती तबकडीला घासून किंचाळते. ही किंचाळी म्हणजे सूचना. ती ऐकूनही गाडी तशीच हाकली तर पुढे खरखर सुरू होते. ती मात्र लोखंड लोखंडावर घासल्याची असते. तेव्हा तबकडीही बाद होऊ लागते आणि थोड्या पैशांचे काम मोठ्या खर्चावर जाते.

तिसरी खूण द्रवाच्या डबीची. पॅड झिजले की दट्ट्या पुढे सरकतो आणि डबीतली पातळी हळूहळू उतरते. पातळी उतरलेली दिसली की नुसता द्रव ओतून मोकळे होऊ नये. पॅड झिजलेत की कुठे गळती आहे, ते आधी पाहावे.

या द्रवाला आपल्याकडे सर्रास ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हे, बरं का! त्यात इंजिन ऑइल किंवा दुसरे कुठलेही तेल थेंबभरसुद्धा पडता कामा नये. तेलाने आतली रबरे फुगतात आणि ब्रेक दगा देतो. डबीच्या झाकणावर डॉट ३, डॉट ४ असे लिहिलेले असते. तोच द्रव घालावा. हा द्रव हवेतले पाणी शोषतो. कोरडा असताना डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. म्हणून साधारण दोन वर्षांनी तो बदलून घ्यावा आणि अर्धवट उरलेली जुनी बाटली वापरू नये.

आता हे काम कोणी करावे? ज्याला चाक नीट बदलता येते, पाने-बोल्टांची सवय आहे, आणि गाडीची पुस्तिका वाचून त्याप्रमाणे वागण्याचा धीर आहे, त्याने करावे. पहिल्या वेळी जाणता माणूस शेजारी असावा. आपण बोलतो आहोत ते पुढच्या डिस्क ब्रेकविषयी आणि आपल्या घरच्या मोटारीविषयी. मागचे ड्रम कारागिराकडे सोपवावेत. मागे डिस्क असेल तर पुष्कळदा दट्ट्या नुसता दाबून चालत नाही, फिरवत आत न्यावा लागतो. आणि विजेवर चालणारा हँडब्रेक असेल तर त्याची रीत आणखी वेगळी. पेडल मऊ लागणे, द्रव गळणे, गाडी एका बाजूला ओढणे, अशी लक्षणे असतील तर नुसते पॅड बदलून दुखणे जाणार नाही. शाळेची बस, प्रवासी जीप ही तर दुसऱ्यांची मुले-माणसे नेणारी वाहने. त्यांचे काम कार्यशाळेतच व्हावे आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदतही चुकू नये.

सामान फार लागत नाही. आपल्याच गाडीचे पॅड, पुढच्या दोन्ही चाकांचे मिळून चार. एकाच चाकाचे कधी बदलू नयेत; तसे केले तर ब्रेक एका बाजूला जास्त धरेल. पॅड ओळखीच्या, पावती देणाऱ्या दुकानातून घ्यावेत. नकली मालात वाचलेले पैसे घातक ठरतात. त्याखेरीज जॅक, लोखंडी टेकू, पाने, शिकंजा, तारेचा तुकडा, ब्रेक साफ करण्याचा स्प्रे, सरकत्या पिनांसाठीचे खास ग्रीस, हातमोजे आणि नाकातोंडावर मास्क.

सुरुवात जागेपासून करू. जमीन सपाट आणि टणक हवी. शेणाने सारवलेले अंगण किंवा नुकती भिजलेली माती चालणार नाही, जॅक रुततो. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे किंवा मोठे दगड लावावेत. चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट अर्धा फेरा सैल करावेत. मग पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचलावी आणि लगेच खाली टेकू द्यावा. जॅक हा उचलण्यासाठी आहे, तोलून धरण्यासाठी नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. टेकूऐवजी विटांची चळत रचण्याची पद्धत दिसते; ती सोडून द्यावी. वीट भाराने फुटते आणि फुटण्याआधी सांगत नाही. काढलेले चाकही गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. तेवढाच आणखी एक आधार. आणि हो, लहान मुलांना या कामाच्या आसपास फिरकू देऊ नये.

एका वेळी एकच बाजू उघडावी. म्हणजे कुठला तुकडा कसा होता असा गोंधळ झाला तर दुसरी बाजू नमुन्याला असते. उघडण्यापूर्वी मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवले तर उत्तमच.

कॅलिपर मागच्या बाजूने दोन बोल्टांनी धरलेला असतो. पुष्कळ गाड्यांत खालचा बोल्ट काढला की तो वर उचलता येतो. दोन्ही काढावे लागले तर कॅलिपर तारेने वर बांधून ठेवावा. तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये, नळी आतून फाटते. आता जुने पॅड काढावेत आणि त्यांची झीज पाहावी. एक फार झिजला आणि दुसरा कमी, असे दिसले तर सरकत्या पिना किंवा दट्ट्या अडकत असला पाहिजे. पिना साफ करून त्यांना खास ग्रीस लावावे. दट्ट्याच अडकत असेल तर काम तिथेच थांबवून कारागिराला बोलवावे.

तबकडीही नीट निरखावी. किमान किती जाडी हवी तो आकडा पुष्कळ तबकड्यांवर कोरलेला असतो. जाडी त्याखाली गेली असेल, तडा दिसत असेल किंवा खोल चरे पडले असतील, तर नवे पॅड घालून उपयोग नाही; तबकडी बदलावी लागेल. दट्ट्याभोवतीचे रबर फाटले आहे का, कुठे ओल आहे का, तेही बघावे.

इथे धुळीविषयी एक सूचना. ब्रेकची काळी भुकटी तोंडाने फुंकू नये, पंपाच्या हवेनेही उडवू नये. पूर्वी घर्षणाच्या थरात अॅस्बेस्टॉस वापरीत. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन पुढे कर्करोगासारखे आजार होतात. जुन्या किंवा अनोळखी मालात ते नसेलच, अशी खात्री देता येत नाही. म्हणून भुकटी स्प्रेने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे. सफाईला रॉकेल आणि डिझेल वापरू नये. त्यांचा तेलकटपणा मागे राहतो आणि रबरही खराब होते.

नवे पॅड जाड असल्याने दट्ट्या मागे ढकलावा लागतो. त्याआधी द्रवाच्या डबीचे झाकण सैल करावे आणि डबी काठोकाठ असेल तर थोडा द्रव काढून घ्यावा. नाहीतर तो उतू जातो आणि गाडीचा रंग खातो. जुना पॅड दट्ट्यावर आडवा धरून शिकंज्याने सावकाश, सरळ आवळत न्यावे. घाई केली, तिरके दाबले, तर रबर फाटते. मग नवे पॅड जुन्यांच्याच जागी, त्याच दिशेने बसवावेत. किंचाळणारी जीभ असेल तर ती पूर्वी जिकडे होती तिकडेच यावी. पॅडच्या दर्शनी थराला किंवा तबकडीला ग्रीसचा, तेलाचा बोटसुद्धा लागू देऊ नये. कॅलिपर खाली घेऊन बोल्ट पुस्तिकेतल्या मापाप्रमाणे आवळावेत. ‘जमेल तेवढे’ आवळणे हे माप नव्हे. चाक चढवून नट समोरासमोरच्या क्रमाने बसवावेत आणि गाडी जमिनीवर आल्यावर पुन्हा पक्के करावेत. हेच मग दुसऱ्या बाजूला.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. बाकी सारे विसरलात तरी ही विसरू नका. गाडी जागची हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल पुन्हा पुन्हा दाबा, ते कडक लागेपर्यंत दाबा. दट्ट्या आपण मागे ढकललेला आहे. त्याच्या आणि पॅडच्या मध्ये जागा आहे. म्हणून पहिले पेडल थेट तळाशी जाते आणि ब्रेक लागतच नाही. काम उत्तम झाले आणि गाडी अंगणाच्या भिंतीवर गेली, असे होते ते एवढ्या विसरण्याने. पेडल कडक झाल्यावर डबीतली पातळी पाहावी, झाकण लावावे, आणि मोकळ्या जागी चालण्याच्या वेगाने गाडी नेऊन ब्रेक तपासावा. पेडल मऊच राहिले तर गाडी रस्त्यावर आणू नये.

नव्या पॅडना तबकडीशी जमवून घ्यायला थोडा अवधी लागतो. पॅडच्या कंपनीने दिलेली रीत पाळावी. साधारणपणे रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १०-१५ पर्यंत बेताने वेग उतरवावा, आणि मध्ये थंड होऊ देत असे आठ-दहा वेळा करावे. पहिले काही दिवस भरलेली गाडी घेऊन घाटात जाऊ नये. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा एकदा तपासावेत.

घाटाचे नाव निघाले म्हणून सांगतो. आपल्या सह्याद्रीत ब्रेकची खरी परीक्षा घाट उतरताना होते. मघाचीच १००० किलोची मोटार ३०० मीटर खाली उतरली, तर ताशी ६० वरून एकवीस वेळा थांबवल्याइतकी उष्णता निघते. ती सारी ब्रेकवर टाकली तर पॅड तापून पकड सोडतात, द्रव उकळतो, आणि द्रव उकळला म्हणजे पिचकारीतला तो बुडबुडा आलाच! म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा. काही भार इंजिनाने सोसावा. थोडे इंधन वाचावे म्हणून इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे लोक आहेत. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे होते. चमचाभर इंधनासाठी हा सौदा करू नये. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक आपोआप निवू द्यावेत. तापलेल्या तबकडीवर पाणी ओतू नये.

आपल्यापैकी पुष्कळांच्या गावाहून चांगली कार्यशाळा वीस-तीस किलोमीटरवर असते. त्यामुळे ‘पुढच्या बाजाराला जाऊ तेव्हा बघू’ असे होते, आणि पुढचे बाजार येतात आणि जातात. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण मोटारीलाही लागू आहे. महिन्यातून एकदा डबीची पातळी पाहा. टायर काढण्याचा प्रसंग आला की त्याच वेळी पॅडचा थर पाहा. एक सूत उरले की बदला. स्वतःला जमत असेल तर या रीतीने बदला. जमत नसेल तर कारागिराकडे जा, पण काय पाहायचे ते ठाऊक असलेले गिऱ्हाईक म्हणून जा. जुने पॅड मागून घ्या आणि आपल्या डोळ्यांनी त्यांची झीज पाहा. शिक्षक मित्रांनी पिचकारीचा तो प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. मुले घरी जाऊन वडिलांना विचारतील, “आपल्या गाडीचे पॅड केव्हा पाहिले होते?” त्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घरात तयार असावे, एवढीच अपेक्षा.